रुखवतातली बसवाली बाई

वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. माझं बाकी सगळं निवळलं, वहिनीचा हेवा तेवढा तसाच राहिला. परवा तिचा फोन आला होता, गुडघे दुखतात म्हणून. मी मलमाचं नाव सांगितलं, काळजीही वाटली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गुडघ्यांची तक्रारसुद्धा तिनं अशी सांगितली होती की मी गॅसवरचं दूध विसरून ऐकत उभी होते. दूध गेलं उतू. तेव्हा हे प्रकरण मत्सराचं आहे, आधीच सांगून ठेवते. नणंद-भावजयीचं गोड काही वाचायचं असेल त्यांनी पुढची पानं उलटावीत.

वहिनी येण्याआधी आमच्या पिंप्राळ्याच्या घरात वाचणारी मी एकटी. आबांची केळी गावाकडे, रावेरच्या अंगाला. आम्हा भावंडांच्या शिक्षणासाठी त्यांनी जळगावला पिंप्राळ्यात घर केलं आणि स्वतः केळीच्या ट्रकमधून ये-जा करत राहिले. मागच्या खोलीत कायम दोन-तीन घड टांगलेले असायचे, त्यांचा पिकत आलेला वास उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचायचा. सकाळी माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, परातीवरचा तो थपथप आवाज ऐकतच मी जागी व्हायची आणि अंथरुणातच पुस्तक ओढायची. मिळेल ते वाचायची. कॉलेजात गेल्यावर इंग्रजी वाचायला लागले, मांडीवर डिक्शनरी, एका पानाला अर्धा तास. पण माय आल्या-गेल्याला सांगायची, “आमची शकी इंग्रजी वाचते.” एखाद्या घरात एखादीचा गळा गोड असतो आणि पाहुणे आले की तिला गायला बसवतात, तसं आमच्या घरात माझं इंग्रजी होतं. मला ती जागा फार आवडायची. ती दुसऱ्या कुणाची होऊ शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मार्गशीर्षात भाऊचं लग्न झालं. मुलगी धुळ्याची, देवपुरातली, निर्मला, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. लग्न त्यांच्या दारात होतं. रुखवत बघायला आमच्याकडच्या बायका गेल्या आणि मीही घुसले. टेबलावर नेहमीचं सगळं होतं, साखरेचा किल्ला, चिरोटे, लाडवांची परडी. पण जिथं विणलेली तोरणं आणि मण्यांचे गणपती असतात तिथं जरीच्या फितीनं बांधलेले पुस्तकांचे दोन गठ्ठे. वहिनीला विणकाम, भरतकाम काहीच येत नव्हतं, म्हणून तिच्या आईनं मुलीचा गुण दाखवायला तिची पुस्तकंच मांडली होती. देवपुरातल्या कॉलेजात कधीकाळी एक अमेरिकन बाई शिकवायला होत्या. आपल्या देशी परत जाताना त्यांनी आपलं कपाट या मुलीला देऊन टाकलेलं. सगळी पुस्तकं अमेरिकेची. कादंबऱ्या, कवितांची बारीक पुस्तकं, प्रवासवर्णनं. आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी मात्र त्या पुस्तकांच्या कण्यांवरची नावं मान वाकडी करून वाचत होते.

रुखवत म्हणजे नवरीकडून आलेली वस्तू, आणि आमच्या घराण्यात ती नुसती ठेवायची नाही, वाटायची. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या चटईवर बसतात आणि कुणाला तोरण, कुणाला चिरोट्यांचा डबा असं नात्याच्या मानानं देतात. तशी पुस्तकंही वाटली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. एक भुसावळच्या मावशीला, एक यावलच्या काकूला, एक चुलत बहिणीच्या सासूला, तिला तर डोळ्यांनी दिसतही नव्हतं. फितीचे तुकडे करून प्रत्येक पुस्तकाला गाठ मारून दिलं. नणंद म्हणून पहिला हात माझा होता. मी सगळ्यात जाड पुस्तक उचललं, निळ्या कव्हराचं, एका बाईचं बसप्रवासाचं. दोन भागांचं ते एकच पुस्तक आहे आणि दुसरा भाग लाल कव्हराचा आहे, हे मला पाहुणे गेल्यावर उघडेपर्यंत कळलं नाही. तोवर लाल पुस्तक फुईच्या पिशवीतून जामनेरला निघून गेलं होतं.

फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. जामनेरच्या बाजारपेठेमागं तिचं घर होतं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण गल्लीतल्या सगळ्या बायका दुपारी तिच्याच ओसरीवर. शब्दाला जड बाई. तिची धाकटी बहीण सुरतेकडे दिलेली. एका लग्नात साडी हलकी नेसवली एवढ्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं, आणि ते बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की साडीचा रंग कोणता यावरही घरात एकमत नव्हतं.

वाटणी चालली होती तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, हातावर ओली वाटावी अशी गडद मेंदी. आपली पुस्तकं एकेक करून दाराबाहेर जाताना ती बघत होती आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. नंतर मी तिला विचारलंच, “वहिनी, तू बोलली का नाहीस?”

“रुखवतातलं आपलं कसं म्हणायचं?” ती म्हणाली. “आणि माझी सगळी वाचून झालीत, ताई.”

काय सहज म्हणाली! माझी सगळी वाचून झालीत. मी त्या रात्री जेवले नाही. मायला वाटलं दगदगीनं.

त्या थंडीत मी निळा भाग वाचला. गोष्ट साधी होती. अमेरिकेच्या पूर्वेच्या समुद्राकाठची एक विधवा शिक्षिका. तिची धाकटी बहीण कित्येक वर्षांपूर्वी भांडून पश्चिमेकडे निघून गेलेली. ही बाई घर विकते, एक पेटी घेते आणि लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसते, बहिणीला शोधायला. गावोगाव उतरते, चौकशी करते, पुन्हा बसते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तिनं लिहिलेली एक छोटी कविता. मला त्या बाईचाही हेवा वाटायचा. कुणाला न विचारता बसमध्ये चढायची! मला जळगावहून धुळ्याला जायचं तर आबा, भाऊ आणि माय तिघांची परवानगी लागायची आणि वर सोबत. निळा भाग संपतो तिथं बर्फात बस अडकलेली असते आणि कुणीतरी तिला सांगतं, समुद्राकाठच्या शेवटच्या गावात एका खाणावळीत तुझ्यासारख्याच आवाजाची एक बाई आहे. संपलं. पुढं लाल कव्हर, आणि ते जामनेरला.

“वहिनी, भेटतात का त्या?” मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. ती चुलीवर वांगी भाजत होती, भरताला.

“वाच की.”

“पुस्तक फुईकडे आहे.”

“मग फुईंकडे जा.” आणि हसली. मी चिडले की तिला आणखी हसू यायचं, आणि हसताना तिच्या तोंडून तिच्या गल्लीतली अहिराणी निसटायची. “बठ्ठं सांगस ताई, पन हाई नही.” सगळं सांगेन, हे नाही.

मी तिच्या वाटणीची भांडी घासली, तिच्याऐवजी मिरच्यांचा ठेचा कुटून डोळे सुजवून घेतले. नाहीच सांगितलं. वर कणीक तिंबता तिंबता त्या बसवाल्या बाईच्या कविता म्हणायची, इंग्रजीतून, मग आपल्या बोलीतून, आणि मधेच थांबून भाऊला वाढायला उठायची. माझ्या मांडीवर पुस्तक असून मला दोन ओळी पाठ नव्हत्या. माय भाकरी थापायची थांबून म्हणायची, “म्हन वं निर्मला, पुढं म्हन.” शकी इंग्रजी वाचते हे मायनं त्या हिवाळ्यात कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. वहिनीचा पहिला पुरणाचा मांडा खापरावर फाटला तेव्हा मला झालेला आनंद आज लिहितानाही कमी होत नाही.

पहिल्या संक्रांतीला ती माहेरी गेली, सोबत मला धाडलं. पांझरेवरचा पूल ओलांडून रिक्षा देवपुरात शिरली आणि मी तिची खोली बघितली. रिकामं कपाट, आणि भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा, त्या अमेरिकन बाईंनीच मागं ठेवलेला. त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, बस जिथं जिथं थांबते तिथं ठिपका. कॉलेजात असताना तिनं पुस्तक वाचत वाचत काढलेली. मी बोट ठेवून त्या रेघेवरून गेले. बर्फ पडलेल्या गावापाशी माझं बोट थांबलं, रेघ पुढं गेली होती.

पुढं आयुष्यात मी तो प्रवास खरा केला. अमेरिकेत मुलाकडे गेले होते, हट्टानं त्याला म्हटलं विमान नको, बस. तीन दिवस बसले. परत आल्यावर सगळे ऐकायला जमले, वहिनीनं विचारलं, “ताई, खिडकीतून काय दिसतं गं?” मी म्हटलं, “मका. नुसता मका.” आणि खरंच मका होता, काय करणार? वहिनी कधीच गेली नाही. तिच्या मुलीनं दोनदा तिकीट काढते म्हटलं, हिनं गुडघे दाखवले. आज पिंप्राळ्यात बसून फोनवर अमेरिकेचं कुठलंही पुस्तक मागवता येतं आणि मी मागवते, दोन कपाटं भरली आहेत. वहिनीकडे एकही नाही. तरी नातवंडं गोष्टीसाठी तिच्याकडेच जातात.

असो. संक्रांतीनंतर मी आबांच्या मागं लागून एक दिवस जामनेर गाठलं. फुईनं लाल पुस्तक देवघरात ठेवलेलं, जरीची फीत तशीच, कव्हरवर हळदकुंकू. मी मागितलं तर म्हणाली, “नव्या सुनेच्या हातानं आलेली लक्ष्मी, थे मांगे द्याची नसते. वाचाचं त इथीच वाच. आंघोळ करून आली ना?” मी बसले वाचत देवघरापुढं पाटावर. पण माझी गती ती, डिक्शनरी घरी राहिलेली, आणि आबांना चारची गाडी पकडायची. बस बर्फातून निघाली एवढंच कळलं.

मग माझी परीक्षा आली आणि पापडांचे दिवसही आले. फुईचा निरोप आला, उडदाचे पापड करायचे, नव्या सुनेला धाडा, गल्लीतल्या बायकांना बघायची आहे. वहिनी गेली. मी इथं नोट्स घोकत बसले आणि सारखं तिथलं डोळ्यांपुढं येत होतं. ओसरीवर पोळपाट मांडलेत, लाट्यांना तेल लावलंय, लाटण्यांचा आवाज, आणि देवघरात लाल पुस्तक, आणि त्याच्या शेजारी ती जिला ते नकोच आहे. आठवड्यानं परतली ती उन्हानं रापलेली, तळवे लाल, आणि इतकी खुशीत की भाऊनंसुद्धा विचारलं काय झालं म्हणून. “काही नाही, पापड चांगले झाले,” म्हणाली.

परीक्षा संपल्या संपल्या मी जामनेरला गेले, या वेळी दोन दिवसांसाठी आणि डिक्शनरी घेऊन. गल्लीच्या तोंडाशीच एक बाई वाळवणाला राखण बसली होती, तिनं हाक मारली, “निर्मलाची ननंद ना वं तू? बसवाल्या बाईचं वाचाले आली?”

ओसरीवर गेले तर तिथं आणखी चौघी, आणि चौघींना सगळं माहीत. बस कुठं बंद पडली, डोंगरातल्या म्हातारीनं काय खायला दिलं, सगळं. वहिनीनं पापड लाटता लाटता आठवडाभर रोज दुपारी त्यांना पुस्तक सांगितलं होतं. लाट्या करता करता एकीनं म्हणे इतकं रडून घेतलं की फुईनं तिला पिठापासून उठवलं.

“भेटतात?” मी विचारलं.

“मंग! भेटतात नही त काय,” एक म्हणाली, आणि दुसरीनं तिला कोपर मारलं. “नको सांगू वं. निर्मला म्हने, शकूताईले वाचता येते, थे सोता वाचतीन. आपुन सांगाचं नही.” आणि सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या, कौतुकानं.

ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना शेवट माहीत होता. मलाच नव्हता. मी इतकी संतापले होते की आंघोळ दोनदा केली. मग पाटावर बसले आणि ती दुपार आणि दुसरा अख्खा दिवस, जेवायला उठले तेवढंच, मी लाल भाग वाचला. बस डोंगर उतरली. समुद्र दिसला. शेवटच्या गावाच्या स्टँडवर बाई उतरली, खाणावळ शोधली. खाणावळ बंद होऊन काही वर्षं झाली होती. तिथली बाई कुठं गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती स्टँडवर परत येते, बाकावर बसते, आणि शेवटी एक कविता आहे, रिकाम्या बाकावर. पुस्तक संपलं.

मला वाटलं माझंच चुकलं. शेवटचं पान पुन्हा वाचलं, प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघितला. पानं फाटली आहेत का ते शिवणीपाशी बोट घालून पाहिलं. पानं सगळी होती. बहिणी भेटत नव्हत्या.

म्हणजे वहिनीनं सांगितलं ते पुस्तकात नव्हतंच. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आधी मला उकळ्या फुटल्या, सापडली म्हणून. मग त्या हळूहळू विरल्या. इतके दिवस मी तिच्यावर जळत होते ते तिनं जास्त वाचलंय म्हणून. वाचन काय, गाठता आलं असतं. दिवसाला दहा पानं धरली तरी कधीतरी गाठता आलं असतं. पण पापड लाटता लाटता तिनं त्या दोघींना भेटवलं होतं, आणि असं भेटवलं होतं की चार बायका अजून त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. ते मी कुठल्या डिक्शनरीत बघणार होते?

फुई देवघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. बाकीच्या घरी गेल्या होत्या. हातात पापडांचा डबा होता, त्याला ती कापड बांधत होती. “झालं वाचून?”

“झालं.”

“भेटल्या ना?”

एक शब्द पुरे होता. नाही, फुई, वहिनीनं थापा मारल्या. तो शब्द माझ्या जिभेवर पूर्ण आला होता. पण फुईनं डब्याची गाठ ओढली आणि म्हणाली, “सुरतेले जाची हावो मी. धाकटीकडे. कोन्हाले सांगतलं नही आजून.”

“भेटल्या,” मी म्हणाले.

“मंग थे वाच ना एक डाव. धाकटी पाय धुवाले पानी घेऊन येते, इथवर आठोते मले. मंग मोठी काहीतरी बोलते. पह्यला शब्द तिचाच हाये. थ्याच्यावर साऱ्या रडल्या. मी रोज सकाळी उठून आठोते, येतच नही. थेवढं वाच.”

माझ्यासमोर रिकाम्या बाकाची कविता उघडी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं केलं. “मोठी म्हणते, कशी आहेस?”

“असं नही.”

“म्हणते, किती वर्षांनी भेटलो.”

“नही वं.”

मी पान उलटलं, पुन्हा मागं घेतलं. आयुष्यात वाचलेलं सगळं गोळा केलं. “म्हणते, माझं चुकलं.”

फुईनं मान हलवली. “चुकलं-बिकलं म्हनतच नही थे. न म्हनताच कळते.” थोडा वेळ ती माझ्या बोटाकडे बघत राहिली, मग पुस्तक माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, मिटलं, कपाळाला लावलं आणि देवापाशी ठेवलं. “राहू दे,” म्हणाली, रागानं नाही, समजावल्यासारखं. “तुले वाचता येत नही बराबर. सकाळच्या गाडीनं जाय आन् निर्मलाले धाडून दे.”

मी गेले आणि वहिनीला धाडून दिलं. त्याच आठवड्यात फुई सुरतेला गेली, आणि येताना धाकटीला जामनेरला घेऊन आली. गोष्टीतली ती मोठी बहीण काय बोलते हे मी वहिनीला आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि ते चांगलं असेल.